नळीतला पिवळा

हलकुडे साहेबाचा फोन येतो बालेवाडीहून,
महिन्यातून एकदा, बहुतेक जेवायच्या टायमाला.
'मैनोद्दीन, पाणी निळंय का?'
निळी तर फरशी आहे, साहेब.
पाणी कसंय ते नळी सांगती.

औशाच्या पुढं, तेरणेच्या अलीकडं,
करडईच्या रानात हा चौकोन खोदला
त्याला या पोळ्याला सहा वर्षं झाली.
सहा वर्षांत माणसं उतरली अकरा वेळा.
वही आहे माझ्याकडं.

पहिल्यांदा वाटायचं,
कुणाचा घाम नाही, तेल नाही, साबण नाही,
मग पाणी मळंल कशानं?
एका चैत्रात चार दिवस बहिणीकडं उदगीरला गेलो,
येऊन बघतो तर हिरवंगार,
पालकाचं पातेलं कुणी उपडं केल्यासारखं.
तवा कळलं,
न वापरलेलं पाणीबी खर्च होतं.
त्यातलं औषध ऊन खातं.
लिंबाचा फुलोरा खातो, धूळ खाती.
गांधीलमाशा तेवढ्या गरीब,
काठावर बसून दोन घोट घेतात आणि जातात.

म्हणून पावडर दिवसा टाकायची नाही.
सावली पार पलीकडच्या भिंतीला लागली की
प्लास्टिकची बादली, आधी पाणी, मग पावडर.
उलटं केलं की तोंडावर येती.
पांढरा गाळ खाली बसू द्यायचा,
वरचं नितळ कडंकडंनं सोडायचं,
शमशाद भाताची पेज काढती तसं, हात न हलवता.
मग मोटर.
लाईट साडेअकराला आली तर साडेअकराला.

मधी वड्यांचा डबा तरंगत असतो.
उन्हाळ्यात त्याच्या फटी पुऱ्या उघड्या,
संक्रांतीला बोटभर.
नुसत्या वड्यांवर भागवू नको, लातूरचा दुकानदार बोलला,
त्यात दुसरंबी एक औषध असतं, क्लोरीनला उन्हापासून राखणारं.
थोडं असलं तर बरं.
साठत गेलं की क्लोरीन असून कामाला उठत नाही,
घरजावयासारखं.

मागच्या दिवाळीनंतर साहेब आले नातवाला घेऊन.
पोरगं काठावर उभं, नाक फुगवून बघायलं.
'आमच्या क्लबात किती वास येतो,
तुम्ही काही टाकलंच नाही का?'
म्हणलं, बाळा, वास मारायला लागलं
म्हणजे औषध कमी पडलेलं असतं.
घाणीशी भांडून दमलेल्या औषधाचा वास आहे तो.
त्याला पटलं नाही.
उतरला मात्र. वीस मिनिटं.
साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय सोडून बसले,
तेवढ्यात फोन आला त्यांना, तो संपलाच नाही.
वहीत लिहिलं: अकरा.

सकाळी मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक.
पाण्याच्या टाकीची सतरा पायऱ्यांची शिडी,
तीच पावडर, तीच नळी, तेच थेंब.
शाळेच्या नळाला तोटी नाही, तिथून पहिलं पाणी घ्यायचं,
थेंब सोडायचे, हलवायचं,
लिंबाच्या सालीचा रंग आला की पोरांना हाक मारायची.
उन्हाळ्यात नळ नवव्या दिवशी येतो
आणि पंचायतीची थेंबाची बाटली
कधीची संपलेली असती, ठराव व्हायचा असतो.
मग साहेबाच्या बाटलीतले पाच थेंब
माझ्या वरच्या खिशात बसून गावात येतात.
हे साहेबांना सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला,
नळीचा फोटो टाक.
शाळेतच होतो, घाईत होतो.
टाकला.
मागं उसवलेला नळ, एका पोरीची वेणी,
पुढं नळीत पिवळा, अगदी पाहिजे तेवढा.
साहेबांनी लगेच अंगठा पाठवला.
लिहिलं, 'मस्त. असंच ठेव.'

दुसरा फोटो पाठवावा का, म्हणून
संध्याकाळी तलावावर गेलो, नळी भरली, उन्हाला धरली.
तोच पिवळा.
मोबाईल खिशात ठेवला
आणि बादलीत आधी पाणी घेतलं.